दुपारून उघडणारा हात

आमच्या गावचा बाजार मंगळवारचा. चामोर्शीहून सकाळची एसटी आली की तिच्यातून आधी एक हिरवी पत्र्याची पेटी उतरायची, मग कापडी पिशवी, आणि मग कमरजहाँ. कंडक्टरला ती खालूनच ओरडायची, "हळू दे रे भाऊ, काच आहे त्याच्यात. तुही सासू नाई आहे आपटाले."

ती बांगड्या भरायची. तिचा नवरा कय्यूम सायकलवर पेटी बांधून गावोगाव फिरत असे. एका पावसाळ्यात तो तापानं चार दिवसांत गेला. मुलगा जाहिद तेव्हा तिसरीत होता. नवऱ्यामागे घरात बसायचे इद्दतचे दिवस संपले आणि तिनं पेटी उचलली. सायकल येत नव्हती म्हणून एसटी.

आमचं घर बाजाराच्या कोपऱ्यावर. समोरच्या खोलीत आमचे हे, म्हणजे गुणवंतराव, गावचं पोस्ट चालवतात. पहिल्याच मंगळवारी कमरजहाँनं छपरीशी उभं राहून विचारलं, "बाई, ऊन लई आहे, इथी बसू का?" मी म्हटलं, बस. ती बसली ती बसलीच. यंदा तेवीस वर्षं होतील. मधली दोन-अडीच वर्षं तेवढी ती जागा रिकामी होती. त्या दिवसांचंच मला सांगायचं आहे, कारण त्यात माझीही एक चूक आहे.

बांगड्या विकणं वेगळं आणि भरणं वेगळं. कमरजहाँ समोरच्या बाईचा हात आपल्या गुडघ्यावर घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबून तो असा मिटवायची की हाडं आपणहून बाजूला सरून वाट देताहेत असं वाटावं. तोंड सारखं चालू. "काऊन वं, तुह्या बुढ्यानं दारू सोडली म्हणते, खरं का?" ती बाई उत्तर द्यायला तोंड उघडायची तोवर बांगडी मनगटात गेलेली असायची. भाताच्या रोवणीनं हात जाडेभरडे झालेल्या बाया तिच्याकडे निर्धास्त हात द्यायच्या.

आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. रोजच्या हातावर वाढली तर कोणी मनावर घेत नाही, पण नवरीच्या हातावर वाढली की बायांच्या जिवाला लागतं. कमरजहाँच्या हातून नवरीच्या हातावर कधी वाढली नाही. म्हणून पार जंगलातल्या टोल्या-पाड्यांपर्यंत तिला बोलावणं यायचं. तिनं भरलेलं पहिलं लग्न भेंडीटोल्याच्या सोमारीचं. सोमारी गोंडांची, मोहफुलं आणि चारोळी घेऊन बाजाराला यायची. तिला मुलगी झाली, रीना, तेव्हा कमरजहाँनं त्या एवढ्याशा हातात काळी काकणं घातली आणि म्हणाली, "हिच्या लग्नाचा चुडा मीच भरीन. दुसऱ्या कोनाले हात लावू देऊ नको, सोमारी." सोमारी म्हणाली, "तू जित्ती राह्यली त." दोघी हसल्या होत्या. माझ्या छपरीतली गोष्ट आहे.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात तिचे हात दुखू लागले. आधी तिनं कोणाला कळू दिलं नाही. मला कळलं ते चहाच्या कपावरून. ती कप दोन्ही तळव्यांत धरायची, बोटांनी नाही. मी म्हटलं, "थंडी वाजते का?" ती म्हणाली, "हो." पुढच्या मंगळवारी एका बाईच्या हातावर तीन बांगड्या वाढल्या आणि रक्त निघालं. ती बाई काही बोलली नाही. कमरजहाँच पेटीचं झाकण लावून बसली. बोटांची पेरं सुजून बोरांसारखी झाली होती.

मग जे सगळे करतात ते सगळं झालं. बिबा घातला, मोहाच्या टोरीचं तेल चोळलं, दर्ग्याचा धागा बांधला. मीही आमच्या देवीला बोलले होते, तेही सांगून टाकते. कोणी म्हणालं काच थंड, तिच्या संगतीनं वात धरला. सकाळी तिची मूठ मिटायची नाही, मिटली तर उघडायची नाही. तिनं येणं बंद केलं. छपरीत मंगळवारी एक कांदेवाला बसायला लागला. माणूस चांगला होता, पण मी त्याला कधी चहा दिला नाही.

जाहिद तोवर घुग्घुसला गेला होता. कोळशाच्या ट्रकांचे टायर दुरुस्त करायचं दुकान होतं त्याचं. त्यानं शेवटी आईला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की हा आमवात आहे, हा जात नाही, याला धरून ठेवावा लागतो. औषध जन्मभर. कमरजहाँनं विचारलं, "काम करता येईन का?" डॉक्टर म्हणाला, औषध लागू पडलं तर हळूहळू येईल.

दोन हजार सालच्या दसऱ्यानंतरच्या मंगळवारी ती आमच्या दारात आली. पेटी नव्हती, नुसती पिशवी. तिनं पिशवीतून एक कागद काढला. "बाई, जाहिदनं सांगलं तसं मी ऐकलं, पन तू एकदा वाचून सांग. तू वाचली की माह्या डोक्यात बसते." ते खरं होतं. मी दुपारी छपरीत पोथी वाचते तेव्हा ती बांगड्या निवडत ऐकायची. अध्याय कुठं राहिला ते मी विसरले तर तीच सांगायची.

कागदाच्या मागे कोणा शिकाऊ डॉक्टरनं मराठीत नीट लिहिलं होतं. पिवळी गोळी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, जेवल्यावर. त्याच्या खाली लाल रेघ मारून आणखी लिहिलं होतं: यापेक्षा जास्त घेतल्यास तोंड येते, रक्त कमी होते, जिवाला धोका आहे. महिन्यातून एकदा रक्त तपासून घ्यावे.

मी वरचं वाचलं. लाल रेघेखालचं वाचलं नाही.

त्याचं कारण होतं. आधी एकदा चामोर्शीतल्या डॉक्टरनं तिला औषध दिलं होतं, आणि शेजारणीनं 'हे गरम पडते, आतडी जळते' म्हटल्यावर तिनं सगळं नालीत फेकलं होतं. जिवाला धोका हे शब्द ऐकून ती हेही फेकेल, असं मला वाटलं. ती पुन्हा पेटी घेऊन यावी हे तिच्याइतकंच मला हवं होतं. मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "मंगळवार धर. माझा मंगळवारचा उपास असतो, तुझी मंगळवारची गोळी. दोघींच्याही लक्षात राहील."

"तुले साबुदाना, मले गोळी," ती म्हणाली. "देव तुह्यावर जास्तच खूश दिसते."

गोळी हळूहळू लागू पडली. रोज्यांचा महिना आला तेव्हा ती मंगळवारची गोळी रोजा सोडल्यावर, जेवून घ्यायची. ईद झाली. संक्रांतीच्या आधीच्या मंगळवारी एसटीतून हिरवी पेटी उतरली. मी आतून पळत आले. कांदेवाल्यानं स्वतःच आपलं पोतं उचलून दोन हात पलीकडे नेलं. म्हणून म्हटलं, माणूस चांगला होता. पहिला हात माझा. बोटं तिची अजून वाकडीच होती, पण तिनं सहा बांगड्या भरल्या, एकही वाढली नाही. आनंदाच्या भरात मी बोलून गेले, "पाहिलंस? गोळीनं हात चालवला तुझा!"

ते वाक्य मला नंतर फार दिवस ऐकू येत होतं.

संक्रांतीपासून लग्नसराईपर्यंत बांगडीवालीला उसंत नसते. तिनं जुने बाजार पुन्हा धरले. मंगळवारी आमचा, गुरुवारी नदीकडचा, शनिवारी जंगलाकडचा. मला कौतुक वाटायचं. मी यांना म्हणायची, "पाहा, बाई कशी उभी राहिली." हे म्हणायचे, "जरा दमानं घे म्हणावं." पुरुष असंच बोलतात असं समजून मी लक्ष दिलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी एका मंगळवारी तिनं चहा परत केला.

"का गं?"

"तोंड आलं जी. घोट गिळवत नाई."

मी तिला उजेडाकडे वळवलं. ओठांच्या आत, जिभेवर, पांढरे फोड. अंगाला हात लावला तर ताप. डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या तर आत पांढरंफटक. ते शब्द मी लाल रेघेखाली पाहिले होते.

"कमर, गोळी कधी घेतलीस?"

"शनवारी."

"शनिवारी? मंगळवारची ना?"

"मंगळवारी घेतली. गुरुवारीबी घेतली, शनवारीबी. आज अजून नाई घेतली."

"तीन-तीन? अगं, कोणी सांगितलं तुला?"

ती माझ्याकडे अशी पाहू लागली की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "बाई, ज्या दिवशी बैल नांगराले जुपाचा त्या दिवशी त्याले सरकीची ढेप द्याची का नाई? घरी उभा आहे त्या दिवशी कायले? आधी मी घरीच होतो, त एक गोळी पुरे. आता तीन दिवस काम. काम हाताचं, गोळी हाताची."

जन्मभर राबणाऱ्या माणसाचा तो हिशेब होता. औषध आजाराला देतात हे तिच्या मनात नव्हतंच. ती ते कामाला देत होती.

यांनी पोस्ट बंद केलं. आम्ही दोघांनी तिला एसटीत घालून गडचिरोलीला नेलं. पेटी छपरीतच राहिली. दवाखान्यात ती बारा दिवस होती. रक्त चढवलं. पहिले तीन-चार दिवस डॉक्टर बोलत नव्हते, नुसते कागद पाहून पुढे जायचे. मी रोज देवापुढे बसायची, पण मागायला तोंड होत नव्हतं.

जाहिद घुग्घुसहून आला. त्याच्या नखांत टायरचं काळं तसंच होतं. त्याच्याजवळ तो नागपूरचा कागद होता. त्यानं तो माझ्यासमोर धरला. "काकी, हे लाल रेघवालं तुम्ही अम्मीले वाचून दाखवलं होतं का?"

मी नाही म्हटलं.

"मी घाईत होतो, म्हणून तुमच्याजवळ पाठवलं तिले. अम्मी म्हणे, बाई वाचते त मले समजते." तो वरच्या आवाजात बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. "आता अम्मी बाजारात जानार नाई. पेटी मी घेऊन जातो."

त्यानं खरंच पेटी घुग्घुसला नेली.

ती सावरली तेव्हा एका दुपारी तिच्या खाटेशी बसून मी तिला सगळं सांगितलं. लाल रेघेत काय होतं, मी का वाचलं नाही, तेही. ती छताकडे पाहत पडली होती. मग म्हणाली, "वाचलं असतं त मी गोळ्या फेकल्याच असत्या. हे तुहं खरं आहे."

आणलेलं मोसंबं मी खाटेवर ठेवलं.

"पन फेकाच्या का नाई, ते मी ठरवलं असतं ना, बाई."

मग तिनं कूस बदलली. मी तिच्या पाठीकडे पाहत बसून राहिले. माझ्या सासूनंही मला कधी इतकं नेमकं सुनावलं नव्हतं. ती तिकडे तोंड करूनच म्हणाली, "ते मोसंबं आणलं न तू? सोल मंग. माह्यानं सोलवत नाई."

डॉक्टरांनी गोळी काही आठवडे बंद ठेवली आणि मग आठवड्यातून एकदा या हिशेबानं पुन्हा सुरू केली. मधल्या दिवसांत हात पुन्हा धरले. ती चामोर्शीला घरी बसून होती. मी दोनदा भेटून आले. घरात काच दिसत नव्हती. तिच्या स्वतःच्या हातातही नव्हती. एवढी बोलणारी बाई, पण भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत बसायची, जिथं बांगड्यांच्या माळा टांगलेल्या असायच्या. शेजारीण तिच्यासमोरच मला म्हणाली, "मुलगा पोसते, आता कायची चिंता?" कमरजहाँ म्हणाली, "हो ना. बकरीबी पोसल्या जाते."

एप्रिलच्या शेवटी सोमारी आमच्या दारात आली. रीनाचं लग्न ठरलं होतं. तिच्याबरोबर मी चामोर्शीला गेले. योगायोगानं त्या दिवशी जाहिद आलेला होता. सोमारीनं हळदीचे तांदूळ कमरजहाँच्या ओटीत घातले. "बुधवारी चुडा भराचा आहे. तू जित्ती आहे. म्हनून आली."

कमरजहाँनं हात पदराखाली घेतले. "पाहून घे सोमारी, माह्यानं होत नाई आता. चामोर्शीची दुसरी कोनी पाह्य."

"दुसऱ्या कोनाले हात लावू देऊ नको म्हने, ते कोन म्हनलं होतं?"

जाहिद म्हणाला, "मावशी, अम्मी बिमार आहे. तिचा हात चालत नाई."

"मालूम आहे," सोमारी म्हणाली. "माह्या बैलाचा पाय लंगडते. त्याले मी घरी ठेवतो का? लंगडते तेवढं हळू चालवतो."

पुन्हा बैल! मला हसू आवरेना, आणि कमरजहाँलाही. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली. जाहिद आईच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गोळ्या कोनाजवळ राहतीन?" कमरजहाँ म्हणाली, "बाईजवळ." मी खाली पाहिलं. ती म्हणाली, "एकदा चुकली ते आता सात जन्म चुकनार नाई. जे कधी चुकलंच नाई, त्याचा काय भरोसा?" जाहिद शनिवारी पेटी घेऊन आला. झाकणाचा गंज काढून त्यानं तिला नवा हिरवा रंग दिला होता. आईला त्यानं तसं सांगितलं नाही, पेटी ठेवून नुसता निघून गेला.

मंगळवारी ती माझ्याकडे मुक्कामाला आली. जेवल्यावर मी देवघरातून डबी काढली, एक गोळी दिली, डबी परत ठेवली. बुधवारी सकाळी उठून पाहते तर ती चुलीपुढे बसलेली, दोन्ही हात पातेल्याच्या वाफेवर. मुठी दगडासारख्या.

"बाई," ती म्हणाली, "डबी दे."

"काल घेतलीस."

"मालूम आहे. एकच. आजच्या पुरती. नवरीचा हात आहे, बाई. तिच्या हातावर वाढली त मी तोंड कुठी दाखवू? मंग पुढच्या मंगळवारी नको देऊ. मंग महिनाभर नको देऊ."

माझ्या मनात काय काय आलं ते देवालाच ठाऊक. एका गोळीनं काय होणार आहे, असंही आलं. मी तिच्याजवळ खाली बसले. म्हटलं, "नाही देणार. आणि का देणार नाही तेही सांगते. गोळी आज घेतली म्हणून हात आज उघडत नाही. तुझा हात संक्रांतीला उघडला तो तीन महिन्यांच्या मंगळवारांनी उघडला. मी तेव्हा 'गोळीनं हात चालवला' म्हटलं, ते खोटं बोलले. खोटं म्हणजे, मला माहीत नसलेलं बोलले."

बाहेर सुकलूच्या, सोमारीच्या नवऱ्याच्या, बैलबंडीची घुंगरं वाजली. तिनं डोळे पुसले, हातांनी नाही, खांद्यानं. "चाल मंग. हे हातातले दगड घेऊन जाऊ," ती म्हणाली.

भेंडीटोल्यात मांडवाखाली बाया जमल्या होत्या. रीना पाटावर बसली होती, दोन्ही हात पुढे करून. कमरजहाँ समोर बसली. हिरव्या बांगड्यांची माळ सोडायलाच तिला इतका वेळ लागला की बाया माना उंच करून पाहू लागल्या. तिनं रीनाचा हात हातात घेतला, दाबून पाहिला, आणि खाली ठेवला.

"सोमारी," ती म्हणाली, "खरं सांगू का? माहा हात सकाळी उघडत नाई. दुपारून उघडते. घाई असन त तुमी भरून घ्या, मी बसून पाहतो. थांबत असान त मी भरतो."

इतक्या वर्षांत तिनं आपल्या हाताबद्दल असं चारचौघांत बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

सुकलूची मावशी धुरपता, दात नसलेली म्हातारी, मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "हात आहे का बाप्पा दुपारीचं फूल? उमलाची वाट पाहाची!" बाया हसल्या. सोमारी मात्र उठली आणि म्हणाली, "चुडा दुपारून. आधी जेवून घ्या सारे." बस. झालं. एवढ्यानंच झालं. कोणी वाद घातला नाही. त्या गावात मोहाची फुलं पडायची वाट पाहतात, तेंदूची पानं तोडायच्या दिवसांची वाट पाहतात. अर्धा दिवस वाट पाहणं त्यांना जड नव्हतं. जड मलाच जात होतं.

सोमारीनं गरम पाण्याची घमेली आणून ठेवली. कमरजहाँ हात बुडवून बसली. धुरपता म्हातारी सरकत सरकत आली, आपलेही वाकडे हात त्याच पाण्यात घातले. "माह्येबी असेच आहे वं," ती म्हणाली. "मी कोनाले सांगलं नाई." मग दोघी एकमेकींची बोटं ताडून पाहू लागल्या, कोणाचं जास्त वाकडं.

सावली मांडवाच्या मधे आली तेव्हा कमरजहाँनं हात बाहेर काढले, बोटं एकेक करून हलवली. "ये वं नवरी."

बोटं उघडली होती, पण दाबायचा जोर नव्हता. तिनं मला बोलावलं. "बाई, तू अंगठ्यापाशी दाब. मी चढवतो. मी सांगन तवाच दाब." मी जन्मात कोणाला बांगडी भरलेली नाही. पहिली गेली, दुसरी गेली. तिसरीला मी घाबरून उगाच जोर केला आणि कट् झालं. बांगडी वाढली.

रीनानं आईकडे पाहिलं. मी मनातल्या मनात देवीचा धावा सुरू केला.

कमरजहाँनं काचेचे दोन तुकडे उचलून पदरात ठेवले, रीनाचा हात उलटसुलट करून पाहिला, कुठं लागलं नव्हतं. मग मोठ्यानं म्हणाली, "नवरीच्या हातची नाई वाढली बाई हो, पोस्टमास्तरनीच्या हातची वाढली! तिच्या नवऱ्याचं आयुष्य वाढलं. आता दहा वर्ष आनखी टपाल वाटते तो." धुरपता म्हातारी पहिल्यांदा हसली, मग सगळा मांडव. माझे डोळे भरून आले होते आणि मीही हसत होते.

"आता असं कर," ती मला हळूच म्हणाली, "दाबू नको. तू आपलं देवाचं नाव घे, दाबाचं काम सोमारीले दे." सोमारीनं आपल्या मुलीचा हात धरला. कमरजहाँ सांगत होती, सोमारी दाबत होती, बांगडी चढत होती. ऊन कलायच्या आत दोन्ही हात भरून झाले. नंतर एकही वाढली नाही.

त्यानंतर तिनं आपला नेम ठरवून टाकला. बाजार एकच, आमचा मंगळवारचा. लग्नं घेते, पण निरोप देणाऱ्याला आधीच सांगते की माझा हात दुपारून उघडतो, तोवर चहा पाजावा लागेल. दाबायला नवरीची आई किंवा मावशी बसते, ती चढवते. आता बायांना तशीच सवय झाली आहे. काहीजणी तर म्हणतात, आईनं हात दाबून भरलेला चुडा चांगला. बरे दिवस असतात, वाईट असतात. पावसाळ्यात चार-पाच मंगळवार ती पेटीशिवायच येते, नुसती बसते, कांदेवाल्याशी भांडते. दर महिन्याला गडचिरोलीला रक्त दाखवायला जाते. डबी माझ्या देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी असते.

दर मंगळवारी गोळी द्यायच्या आधी मी तो नागपूरचा कागद काढते. घडीवर फाटला म्हणून यांनी मागून टपालाचा जाड कागद चिकटवून दिला आहे. मी वरपासून वाचते. गेल्या मंगळवारी गिऱ्हाईक आलं होतं, घाई होती, म्हणून मी आठवड्यातून एकदा एवढं वाचून गोळी पुढे केली. तिनं हात मागे घेतला.

"फलश्रुतीपर्यंत वाच, बाई. अर्ध्यात पोथी सोडू नाई."

मी लाल रेघेखालचंही सगळं वाचलं. मग तिनं गोळी घेतली.